वळण्याची मुभा

सीवूड्समधल्या चौदाव्या मजल्यावर वडीलधारी मंडळी लग्नाची तारीख शोधत होती. मुलीकडच्यांना घर दाखवून झाले होते. "दोघांना जरा बोलू दे," म्हणून जयमालाबाईंनी सुचिताला आपल्या मुलाच्या, वरदच्या, खोलीत बसवले. वरदने बोलण्याऐवजी तिच्या हाती दुसरी जॉयस्टिक दिली. तिला हे येते का, हे त्याने विचारले नाही.

"पैज लावू," सुचिता म्हणाली. "मी जिंकले तर लग्न माझी पीएचडी झाल्यावर. आणि ते बाहेर तुम्ही सांगायचं."

"डन. हरलीस तर याच डिसेंबरात." तो हसला. "टेन्शन नको घेऊ, हळू मारेन."

पडद्यावर जुन्या महायुद्धातली दोन लढाऊ विमाने समुद्रावर समोरासमोर आली. वरद उंचावरून पूर्ण वेगाने तिच्या मागे झेपावला. तिच्या डाव्या पंखाची चाळण झाली. सुचिता पाण्याच्या दिशेने निसटली. तोही पाठोपाठ, अधिकच वेगात.

"पळतेस कुठे? स्पीड बघ माझा!"

तो तिने बघितलाच होता. तिने इंजिन मंदावले. विमान थरथरू लागले. आणखी थोडे मंदावले असते तर दगडासारखे कोसळले असते. नेमक्या त्या सीमेवर तिने नाक वर ओढले आणि आखूड वळण घेतले. वरदनेही जॉयस्टिक पोटापर्यंत ओढली, पण विमानाने दाद दिली नाही. त्या वेगात नाक वर उचलणाऱ्या शेपटीच्या झडपा हवेपुढे हरतात. वेग सर्व काही देतो, फक्त वळण्याची मुभा काढून घेतो.

समुद्रावर पांढरा फवारा उडाला.

"चला," सुचिता म्हणाली. "सांगा बाहेर."

तेवढ्यात दार उघडले. हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन जयमालाबाई आत आल्या. "ठरलं गं बाई! बारा डिसेंबर. हॉलसुद्धा मिळतोय!"

वरदने सुचिताकडे पाहिले. बोलण्यासाठी तोंड उघडले. आईने त्यात पेढा घातला. त्याने तो सावकाश, पूर्णपणे खाल्ला.

"गेम होता गं तो," मग तो सुचिताला म्हणाला.

सुचिताने जॉयस्टिक टेबलावर ठेवली, आणि पुढे आलेला पेढा बाजूला सारून ती दिवाणखान्यात गेली. तिचे वडील, दिनानाथ, भावी व्याह्यांना मिठी मारायला उठलेच होते.

"बाबा," ती म्हणाली, "चपला घाला."