नाताळची चित्रं

टिटवाळ्यातल्या बायकांच्या इंग्रजी वर्गात शिवानी टीचर नाताळची चित्रं दाखवत होती. बरोबर नाव सांगेल तिला केकचा तुकडा. चित्र वर जायचा अवकाश, की मागून गंगुबाईंचं उत्तर हजर. "रेनडिअर! स्टॉकिंग! स्नोमॅन!"

"मावशी, पहिल्याच दिवशी एवढं कसं येतं हो?"

"अगं, बारा वर्षं कारखान्यात हाच माल खोक्यांत भरतेय. नाव बघून भरावं लागतं!"

शिवानीला हसू आवरेना. तिने शेवटचं चित्र धरलं. सजवलेल्या झाडापाशी आई, बाबा, मुलं निवांत बसलेली. खालचा 'हॉलिडे' हा शब्द तिने अंगठ्याने झाकला.

गंगुबाईंनी चित्र नीट निरखलं आणि केकचा तिसरा तुकडा खुशाल तोंडात टाकला.

"हा माल आमच्याकडे कधी आलाच नाही, टीचर."