जास्तीची मात्रा

"ती मात्रा काढून टाक, नेल. अजून वेळ आहे." लेस्टर व्हायोलिनची खुंटी पिळता पिळता म्हणाला. तोंड मुद्दाम दुसरीकडे, उगीच भांडण नको म्हणून.

"नाही काढणार, काका."

"अगं, वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तुझ्या गाण्यात दुसऱ्या ओळीच्या शेवटी चार होतात. नाचणाऱ्याने काय करायचं तिथे?"

"तिथे आजोबांची गाय आहे."

लेस्टरने कपाळाला हात लावला. गायीची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. नेलचे आजोबा धार काढताना गायचे, आणि दुसरी ओळ संपली की गाय नीट उभी राहावी म्हणून तिच्या पाठीवर एक थाप मारायचे. थाप झाली की पुढची ओळ. नेल गाणं शिकली ती त्याच गोठ्यात, त्यामुळे ती स्वतः गाणी रचायला लागली तेव्हा थापसुद्धा आपोआप आत येऊन बसली. नॅशव्हिलचा एक रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, बाकी सगळं सोनं आहे, एवढी मात्रा तेवढी छाटू. तर ही बया गिटार उचलून तडक टेक्ससला परत. आता रेकॉर्ड काढीन तर माझ्या हिमतीवर, म्हणे. हट्टीपणाला काही सुमार!

रविवारची दुपार होती. चर्च आणि जेवणं उरकून सगळे गावच्या नाचाच्या हॉलवर आले होते, बूट पॉलिश करून, केस चापून. पोरंटोरं कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, खात बाकांवर लोळत होती. हॉल चालवणाऱ्या वर्नाबाई बिअरच्या काउंटरमागे उभ्या होत्या. त्या स्टेजकडे कधी बघत नसत, नाचाच्या फरशीकडे बघत. इथे टाळ्यांना कुणी विचारत नाही. लोक नाचले तर गाणं चांगलं, बसले तर वाईट. संपला विषय.

"पोरी, स्पष्टच सांगते," दारातच त्यांनी नेलला गाठलं होतं, "जुनी गाणी वाजव, दर महिन्याला बोलावते. तुझं स्वतःचं आज एक गाऊन बघ. फरशी भरलेली राहिली तर पुढच्या वेळी हवी तेवढी गा. रिकामी झाली तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

नेलला याहून जास्त काही नकोच होतं. आपलं गाणं, आपली माणसं, आणि ती त्यावर नाचताहेत.

तिने सुरुवात केली. नवऱ्यावर रुसून, त्याचीच गाडी घेऊन माहेरी निघालेल्या बाईचं गाणं ते. पहिली ओळ झकास गेली. सगळ्या जोड्या एका दिशेने गोल फिरत होत्या. दुसरी ओळ संपली, नेलची गिटारवर थाप पडली, आणि धडाम! पुढची जोडी थांबली, मागची तिच्यावर आदळली. कुणाचा तरी पाय चेंगरला. "अरे, काय चाललंय काय?" कुणीतरी ओरडलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक जोडी बसली, मग दुसरी, मग चार एकदम. वर्नाबाईंनी फडकं उचलून काउंटर पुसायला घेतलं.

"काढ ती मात्रा!" लेस्टर दातओठ खाऊन पुटपुटला.

नेल गात राहिली. काढणं काय, सोपं होतं. एक थाप गिळायची, की झालं. दुसरं कडवं सुरू झालं, ओळ संपत आली आणि खरंच तिच्या मनात आलं, जाऊ दे. पण हाताने ऐकलं नाही. थाप पडलीच.

आता फरशीवर एकच जोडी उरली होती, अर्विन यानाक आणि त्याची बायको लिबी. लिबीच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वळणावर नेहमी एक पाऊल मागे पडायची. अर्विन तिला ओढायचा, ती त्याला शिव्या द्यायची, साऱ्या गावाला ठाऊक. पण या गाण्यात ओळीच्या शेवटी अर्विनने नुसता बूट आपटला, ठप्प! तेवढ्यात लिबी आरामात वळून त्याच्यासमोर हजर.

"हे बघ! हे गाणं माझ्यासाठी थांबतं!" लिबी जोरात म्हणाली. "चाळीस वर्षांत तू एकदा तरी थांबलास का, मेल्या?"

सगळा हॉल हसला. एक जोडी उठली. दुसरी उठली. ओळ संपली, बूट पडले, ठप्प! पोरंसुद्धा बाकांवरून उड्या मारायला लागली. शेवटच्या कडव्याला फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि नेलला आवाज चढवून गावं लागत होतं.

गाणं संपलं. बिअरचा ट्रे उचलून वर्नाबाई टेबलांकडे निघाल्या.

लेस्टरने लगेच जुनी वॉल्ट्झ सुरू केली, जी इथल्या प्रत्येकाने आईच्या कडेवर बसून ऐकलेली. साधी, सरळ, तीन मात्रांची. दुसरी ओळ संपली.

ठप्प!

सगळा हॉल थबकला. लेस्टरचा गजसुद्धा हवेतच थांबला होता. मग हशा उसळला, आणि वर्नाबाई फरशीच्या मधोमध उभ्या, एक पाय पुढे आपटलेला, सगळी बिअर ट्रेमध्ये सांडलेली.