खंड्याचे पाकीट

विद्युलतेने रबरी ठसा ओठांजवळ नेला, त्यावर अलगद उच्छ्वास सोडला आणि तो जाड कागदावर दाबला. ठसा उचलला तेव्हा कागदावर खंड्या बसला होता. पाठीचा निळा रंग पंखाच्या कडेशी हिरव्यात विरत गेलेला. जणू तो आत्ताच पाण्यातून वर आला असावा.

वसंताबाईंनी मान वळवली.

ठसे कोरण्याची विद्या मूळची त्यांची. शाळकरी मुलांचे खोडरबर घ्यायचे, दाढीच्या पात्याने त्यात पक्षी उलटा कोरायचा, लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचा. शाईने ठसा उमटवावा आणि मग रेषांच्या आत जलरंग भरावेत, ही त्यांची रीत. अड्यारच्या महिला मंडळात बारा वर्षे त्यांनी ती शिकवली होती. प्रतिवर्षीच्या प्रदर्शनात पहिला मानही त्यांच्याच मोराला मिळत आला होता.

दोन वर्षांपूर्वी पतीच्या बदलीमुळे साताऱ्याहून मद्रासला आलेली ही मुलगी त्यांच्या घरी शिकू लागली, आणि हळूहळू तिने शाई सोडली. ठशावरच कुंचल्याने दोन-तीन रंग लावायचे, श्वासाने ओलावायचे, उमटवायचे. रेषा उरतच नसे. उरे तो केवळ पक्षी.

एकदा वसंताबाईंनी दार लावून तेच करून पाहिले. मोर चिखलात लोळल्यासारखा उमटला. तो कागद त्यांनी चुलीत घातला.

षड्रिपूंत मत्सर शेवटी येतो, हे तंजावरास वडिलांपाशी बसून त्यांनी बालपणीच पाठ केले होते. शेवटी आलेला पाहुणाच अधिक मुक्काम करतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

गुरुपौर्णिमेस विद्युलतेने त्यांच्या पायांवर मस्तक ठेवून दक्षिणा काय देऊ, असे विचारले होते. वेळ येईल तेव्हा मागेन, असे त्या म्हणाल्या. मागण्याजोगे एकच होते, आणि ते मागता येत नव्हते.

यंदा विद्युलता प्रथमच स्पर्धेत उतरत होती. त्यातच मंडळाच्या अध्यक्षा अलमेलू अम्माळ यांनी जाहीर केले होते की, ज्या हाताला पहिला मान, त्याच हाती यापुढे ठशांचा वर्ग. वसंताबाईंना दुसरे काही नव्हते. पती नव्हते, मूल नव्हते. मंगळवार आणि शुक्रवारचा तो वर्ग होता.

स्पर्धेचा नियम जुना. एक शुभेच्छापत्र आणि त्याच पक्ष्याची कर्णभूषणे मांडायची. त्यांवर नाव घालायचे नाही. नावाची चिठ्ठी बंद पाकिटात, पाकीट लाल दोऱ्याने कामाला बांधलेले. परीक्षकांनी निवड केल्यावरच ते उघडायचे. सभासदांच्या भाषा चार, म्हणून चिठ्ठी इंग्रजीत. वसंताबाईंना मराठी, तमिळ आणि संस्कृत येत असे. इंग्रजी अक्षर ओळखता येत नसे. पूर्वी थोरले बंधू चंद्रमौळी लिहून देत. ते निवर्तले, तेव्हा यंदा ते काम विद्युलतेकडे आले.

आदल्या दिवशी दुपारी मंडळाच्या दालनात बसून तिने दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या, टिपकागदाने टिपल्या, पाकिटे डिंकाने बंद केली आणि आपल्या हातांनी दोरे बांधले.

"बाई, यंदाही पहिला मान तुमचाच," ती म्हणाली.

"तुजला थट्टा बरी साधते."

"थट्टा नाही, बाई." तिने मान खाली घातली. ती हसत होती, असे वसंताबाईंना वाटले.

दालनाची किल्ली त्यांच्याकडे असे. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी येऊन त्यांनी दार उघडले. मेजावर चौदा कामे मांडलेली. खंड्यापुढे त्या उभ्या राहिल्या. शेजारी कर्णभूषणे होती: नखाएवढ्या लाकडी चकत्या, वर रोगणाचा हात, आणि दोन इवले खंड्ये. दोन्ही कानांतल्या पक्ष्यांनी एकमेकांकडे पाहावे म्हणून दोन उलटसुलट ठसे कोरावे लागतात. तेही त्यांनीच तिला शिकवले होते.

त्यांनी खंड्याचा दोरा सोडला. मग मोराचा. पाकिटांनी जागा बदलल्या. गाठी पूर्ववत बसायला वेळ लागला.

विद्युलता चारचौघांत बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती. गुरूला खोटे पाडणाऱ्या घरातली ती नव्हती.

एग्मोरहून परीक्षक आले, वृद्ध चित्रकार नारायणस्वामी. मोरापाशी थांबून त्यांनी जुन्या ओळखीच्या माणसाला करावा तसा नमस्कार केला आणि ते पुढे गेले. खंड्यापाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खिडक्या लावून घ्या, अम्मा," ते अलमेलू अम्माळना म्हणाले. "हा उडून जाईल."

सगळ्या हसल्या. पहिला मान खंड्याला मिळाला. अध्यक्षांनी लाल दोरा कापला. वसंताबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. अर्ध्या उठल्याच होत्या.

"विद्युलता शरदचंद्र निंबकर," अलमेलू अम्माळनी वाचले.

टाळ्यांच्या गजरात वसंताबाई खाली बसल्या. त्यांच्या दृष्टीपुढे दोन दोरे होते, दोन गाठी होत्या. आपण सोडले होते. आपण बांधलेही होते.

विद्युलता व्यासपीठाकडे गेली नाही. रांगा ओलांडून ती त्यांच्या खुर्चीशी आली आणि गुडघे टेकून बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, मला क्षमा करा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "कुठं चुकलं, मला कळत नाही. दक्षिणा म्हणून खंड्याच्या पाकिटात मी तुमचंच नाव घातलं होतं."