खुणेचे दोन शब्द

"तुझा माणूस चोरून एका पंथात आहे. ठीक. पण तो पंथ करतो काय? बळी देतो? विहिरीत विष कालवतो?" प्रतापने विचारलं.

"काही नाही," उत्तम म्हणाला. "मेणबत्ती लावतात. पुस्तक वाचतात. पौर्णिमेला पांढरे कपडे घालतात."

"बस्स?"

"बस्स."

"मग लपवायचं कशाला?"

अंबरपेठेत प्रतापच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ऑफिसातले तिघं बसले होते. खेळ राजे-जादूगारांचा. प्रत्येकाने मनाने एक माणूस उभा करायचा, त्याची जन्मकथा सांगायची आणि मग तोच माणूस होऊन खेळायचं. खेळ चालवणार प्रताप. त्याला पटली तरच कथा पास.

उत्तमने फासा तळहातावर घोळवला. "दरबारात कळलं तर त्याच्याबरोबर कुणी जेवणार नाही."

"इत्ताच?" शीनू वैतागला. "फाँसी देते बोल ना यारो."

"तोंडावर कुणी काही बोलणार नाही. पुढच्या वेळी बोलवायला विसरतील."

शीनू गुंटूरचा. राज्य नुकतंच तुटलं होतं, त्याचं गाव पलीकडच्या राज्यात गेलं होतं आणि ऑफिसात येताजाता कोणीही त्याला विचारायचं, लोकल आहेस का. मघाशी ते सांगताना तो रडायच्या बेतात आला, तेव्हा प्रताप भडकला होता. "माणसाला तू कुठला म्हणून विचारायचं? लाज नाही वाटत लोकांना?" आणि याच प्रतापने पहिल्या दिवशी उत्तमला विचारलं होतं, नांदेडकर म्हणजे कोणते? आडनाव बापाने गावावरून करून ठेवलेलं होतं. पुढचं खोटं उत्तमने स्वतः जोडलं. त्या खोट्यावर त्याला ही गच्ची मिळाली होती, हे दोघं मिळाले होते. शहरात त्याचं दुसरं कुणी नव्हतं.

"खूण काय त्यांची?" प्रतापने विचारलं. "गुप्त पंथ म्हटला की खूण लागतेच."

"दोन शब्द." उत्तमचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. "एकाने म्हटले की दुसऱ्याने तेच परत द्यायचे. रस्ता असो, दरबार असो, मानेवर तलवार असो. द्यायचेच. एवढा एकच नियम."

"हां! हे भारी. आणि नाही दिले तर?"

तेवढ्यात चतुराबाई वाळलेले कपडे काढायला वर आल्या. प्रतापच्या घरचं धुणंभांडं त्यांच्याकडे होतं. चादर खांद्यावर टाकता टाकता त्यांनी उत्तमला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आगं माय! तातेरावाचा उत्तम नव्हं का तू? केवढा झालास रं! जय भीम, बाळा."

आणि त्या थांबल्या. चिमटा हातात तसाच.

उत्तमने फाशाकडे पाहिलं. प्रतापकडे पाहिलं.

"कोण तातेराव?" तो म्हणाला. "मी नाही ओळखत, मावशी."

प्रताप हसला. "काय हो चतुराबाई! नांदेडकर आहे तो. तुमच्यातला नाही."

चतुराबाईंनी उत्तमला नीट निरखलं.

"तसंच आसंल," त्या म्हणाल्या. "नजर गेली आता माझी." मग गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, कठड्याच्या खिळ्यात अडकलेला एक हातरुमाल त्यांनी बरोबर हेरला, तो काढून आणला आणि कपड्यांचा ढीग घेऊन जिना उतरू लागल्या.

"क्या बोली रे उनो?" शीनूने डोळा मारला. "तेरे कल्ट की है क्या?"

प्रताप पोट धरून हसला. सगळ्यांत मोठ्याने उत्तम हसला.

"हां, राहिलंच," हसू ओसरल्यावर प्रताप म्हणाला. "शब्द परत नाही दिले, तर त्या माणसाचं काय करतात? जीभ छाटतात?"

"काही करत नाहीत," उत्तम म्हणाला. "फक्त त्याला पुन्हा कधी म्हणत नाहीत."

"पास!" प्रतापने त्याच्या पाठीवर थाप मारली. "टाक फासा."

अर्ध्या जिन्यात थांबलेली चतुराबाईंची पावलं पुन्हा खाली उतरू लागली.