लाल जोडीचं करडं पिल्लू

वद्दाहने खोक्याचं झाकण उघडलं. आत कबुतराची दोन पिल्लं होती. एक लाल, एक करडं. उस्ताद फवाझनी चष्मा वर ढकलला, मग समोरच्या कॉफीकडे बोट दाखवलं. "मागल्या खेपेला अशीच गार झाली होती. आठवतंय?"

न आठवायला काय झालं! मुलगी मागायला आलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफीला हात लावत नाही. वद्दाहने रुदैनाला मागणी घातली आणि तिच्या बापाने, म्हणजे याच उस्तादांनी, चारचौघांत सुनावलं, "कबूतरबाजाची साक्ष काझीसुद्धा धरत नाही. एकमेकांची कबुतरं पळवता आणि वर शपथा खाता. तुझ्या शब्दावर पोरगी देऊ?"

वद्दाह तापला होता. "उस्ताद, लाल रंग दबून राहतो, आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, हे वर्गात तुम्हीच शिकवलंत. माझी जोडी लाल-लाल. पिल्लं लालच होणार. एक जरी वेगळं निघालं, तर या दारात पुन्हा मागणी घालणार नाही." अख्ख्या अम्मानमध्ये असा शहाणा सापडायचा नाही. स्वतःचं लग्न त्याने कबुतराच्या अंड्यावर लावलं.

आणि आता हे करडं. त्याला पिसं फुटू लागली तशी वद्दाहची भूकच मेली. शेजारच्या गच्चीवरचा अबू जमरा म्हणाला, "माझ्या ढाबळीतलं हे लाल पिल्लू घेऊन जा. मास्तरला काय कळतंय!" वद्दाहने ते हातात घेतलंही होतं. बराच वेळ धरून उभा राहिला, मग परत ठेवलं.

"बोल की," उस्ताद म्हणाले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. रुदैना ऐकत होती.

"हरलो," वद्दाह म्हणाला. "हे माझ्याच मादीखाली निघालं. पण त्या जोडीचं नाही. लाल-लालला करडं होत नाही. कुठून आलं ते मला ठाऊक नाही, आणि थाप मारून मला रुदैना नको." तो उठला.

"बस खाली. धडा पक्का आहे तुझा." उस्ताद हसले, पण जरा ओशाळून. "तू जुम्म्याच्या नमाजाला गेला होतास. तुझा शब्द पारखायला मी या वयात अबू जमराच्या गच्चीवरून कठडा ओलांडून तुझ्या गच्चीवर आलो. तुझं एक अंडं उचलून त्याच्या करड्या मादीखाली ठेवलं, तिचं तुझ्या मादीखाली. माझ्या सांगण्यावरून तो तुला जे लाल पिल्लू देत होता ना, ते तुझंच."

वद्दाह खाली बसला.

"कॉफी पी," उस्ताद म्हणाले. "आणि बाहेर बोलू नकोस. नाहीतर आजपासून माझीही साक्ष कोणी धरणार नाही."