ओढ्याकाठचा दहावा

टॉवेल रंगवल्याचं पाणी सोलापुरातल्या आमच्या वस्तीमागच्या ओढ्यात सुटतं. तो ओढा साफ करायला एखाद्या संस्थेनं निधी द्यावा म्हणून आप्पांनी आयुष्यभर खेटे घातले, आणि तसेच गेले. दहाव्याला त्याच ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना.

आई हात जोडून म्हणाली, "आपल्या पोरीचं, सृष्टीचं लगीन थाटात करू, काळजी करू नगा." थोरल्या भावानं दारू सोडायची शपथ घेतली. तेवढ्यात त्यातल्याच एका संस्थेचा फोन आला, निधी मंजूर झाला! मी पिंडापाशी वाकून ओरडलोच, "आप्पा, ओढा साफ व्हनार की हो!"

सगळे आभाळाकडं बघत राहिलो.

उन्हं डोक्यावर आली तशी आई हळूच म्हणाली,

"आरं, पन हितं शेवटचा कावळा कुनी बघितला व्हता?"