निशाणी अंगठा

“ही सही कुणाची?” भूमापन कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं.

“माझीच, साहेब.”

“खरेदीखतावर तर अंगठा आहे.”

“घर विकलं तेव्हा लिहिता येत नव्हतं. भाड्याच्या खोलीत राहायला गेले, तिथल्या शेजारणीने अक्षरं शिकवली.”

“म्हणजे घर विकलं अंगठेवालीने आणि जबाब देतेय सहीवाली. मी कुणाला खरं धरू, आजी? तपासणीला पाठवावं लागेल. बघू, पुढच्या वर्षी.”

घर घेतलेले मुलाणीभाऊ शेजारीच उभे होते. त्या घराला आपलं नाव लागावं म्हणून ते कित्येक वर्षं खेपा घालत होते. कधी नकाशा सापडत नव्हता, कधी साहेब रजेवर. तोवर कागदावर घर माझंच होतं. घर असलेल्या बाईला घरकुल कसं द्यायचं, म्हणून नगरपालिकेने यादीतून माझं नाव काढलं होतं. आणि खोलीच्या मालकाने या महिन्यात खोली रिकामी करायला सांगितली होती.

“मावशी, द्या ना अंगठा,” मुलाणीभाऊ हळूच म्हणाले. “सही काय, घरी करा की हवी तेवढी.”

कारकुनाने माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी अंगठा उमटवला. त्याखाली त्याने लिहिलं, ‘सदर महिलेस लिहिता-वाचता येत नसल्याने जबाब वाचून दाखवला.’ टेबलाच्या या बाजूने, उलटं असूनही मी ते वाचलं.

“बरोबर आहे ना, आजी?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.